म्हाताऱ्या कुत्रीच्या पोटाखालची गाठ

पंढरपूर तालुक्यात म्हशीला दगडी झाली म्हणजे काय, हे शाळकरी पोरालाही समजावून सांगावं लागत नाही. लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस ज्यांच्या दावणीला आहे, त्या घरात कास तापली, सड कडक झाला, दुधात गुठळ्या यायला लागल्या की धावपळ सुरू होते. कुणी डॉक्टरांना फोन लावतं, कुणी कोरफड, हळद आणि चुना वाटून कासेला लेप देतं. हा लेप आता राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही शेतकऱ्यांना सुचवतं. त्याच अंगणात दहा-अकरा वर्षं राखण केलेली एखादी कुत्री असते. एके दिवशी तिच्या पोटावरून हात फिरवताना मागच्या सडाशी हरभऱ्याएवढं काहीतरी कडक लागतं आणि घरातलं माणूस आपल्या ओळखीचंच निदान करून मोकळं होतं: दगडी असेल. तिलाही लेप लागतो. गाठ दुखत नाही, कुत्री भाकरी नीट खाते, म्हणून सगळे निश्चिंत. पुढच्या दिवाळीपर्यंत तीच गाठ मुठीत मावेनाशी झालेली असते.

दगडी म्हणजे दुधाच्या ग्रंथीला झालेला जंतुसंसर्ग. तिथे दूध असतं, सूज गरम असते, हात लावला की जनावर पाय झाडतं, आणि हे सगळं दोन-चार दिवसांत उभं राहतं. कुत्रीलाही दगडी होते, पण ती बहुधा पिल्लं अंगावर पीत असताना किंवा नुकती तुटल्यावर. जिचं शेवटचं वेत होऊन कित्येक वर्षं झाली, अशा कुत्रीच्या सडाजवळ थंड, न दुखणारी, कडक गाठ लागली तर ती नवी वाढ आहे असं धरूनच चालावं. लेप तिच्यापर्यंत पोचत नाही. न दुखणं हे इथे चांगलं लक्षणही नाही. स्तनाच्या गाठी, साध्या असोत की कॅन्सरच्या, सुरुवातीला बहुतेक दुखतच नाहीत.

स्वीडनमध्ये पाळीव कुत्र्यांचा विमा उतरवण्याची पद्धत जुनी आहे, आणि तिथे निरोगी कुत्रीची नसबंदी सर्रास केली जात नव्हती. त्यामुळे त्या विम्याच्या नोंदी हे या आजाराचं मोठं दप्तरच ठरलं. २००५ साली त्या नोंदींचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वयाच्या १० वर्षांपर्यंत सुमारे १३ टक्के माद्यांना स्तनाची निदान एक गाठ झालेली होती. वयाच्या पाचव्या वर्षाआधी हा आजार क्वचित दिसतो. नववं-दहावं-अकरावं वर्ष हा त्याचा खरा काळ. आपल्याकडेही घरच्या कितीतरी कुत्र्यांची नसबंदी झालेली नसते, म्हणून स्वीडनचा तो आकडा मला आपल्यापासून फार लांबचा वाटत नाही.

याचं मूळ माजाच्या चक्रात आहे. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते. माज ओसरल्यावर ती गाभण राहो वा न राहो, जवळजवळ दोन महिने तिच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन चढलेलं राहतं. ते स्तनाच्या पेशींना वाढायला लावतं, इतकंच नाही तर स्तनातल्या स्तनातच वाढीचं आणखी एक संप्रेरक तयार करवून घेतं. दहा वर्षांत अशा वीसेक फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत पेशी वाढतात, ओसरतात, पुन्हा वाढतात, आणि कधीतरी काही पेशी ओसरायच्या थांबतात. ‘माजावर येऊ नये’ म्हणून काही जण कुत्रीला जी इंजेक्शनं देववतात, तीही याच जातीच्या संप्रेरकाची असतात. त्यांनी गाठीचा धोका वाढतो, हे नीट माहीत झालेलं आहे. तरी ती इंजेक्शनं देणं थांबलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता गाठ कसली, हा प्रश्न. कुत्र्यांच्या स्तनाच्या गाठींपैकी साधारण निम्म्या साध्या निघतात आणि निम्म्या कॅन्सरच्या. कॅन्सरच्या म्हणून निघालेल्यांतही सगळ्याच पसरतात असं नाही. त्यातल्या साधारण निम्म्या पुढे पसरतात किंवा पुन्हा उगवतात. पामेरियनसारख्या छोट्या जातींत साध्या गाठींचं प्रमाण आणखी जास्त असतं. म्हणजे हाताला गाठ लागली की सगळं संपलं असं समजणं चूक, आणि निम्म्या तर साध्याच असतात म्हणून वाट बघत बसणंही चूक. कारण साधी आणि कॅन्सरची अशा दोन वेगळ्या पेट्या नसतात. तपासणीत एकाच कुत्रीच्या अंगावर लहान गाठी साध्या आणि मोठी गाठ कॅन्सरची अशी सापडते. कधी एकाच गाठीत एका बाजूला साध्या पेशी आणि दुसऱ्या बाजूला बिघडलेल्या. साधी गाठ वर्षानुवर्षं वाढत राहिली तर तिच्यातूनच कॅन्सर निघू शकतो.

म्हणून आकाराला महत्त्व. डॉक्टर लोक ३ आणि ५ सेंटीमीटर अशा दोन रेघा मानतात: ३ पेक्षा लहान, ३ ते ५, आणि ५ पेक्षा मोठी. पहिल्या गटातल्या कुत्रीला शस्त्रक्रियेनंतर पुष्कळ आयुष्य मिळण्याची शक्यता बरीच चांगली, तिसऱ्यातलीला बरीच कमी. आता यातलं गणित बघा. गाठ १ सेंटीमीटरची २ झाली म्हणजे डोळ्याला दुप्पट वाटते, पण आतला मांसाचा गोळा आठपट झालेला असतो. १ ची ३ झाली तर सत्तावीसपट. ‘थोडीशीच वाढलीय’ असं घरात जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा आत काय झालेलं असतं ते या आकड्यांवरून कळेल. शिवणकामाच्या टेपने गाठीची लांबी-रुंदी मोजून तारखेसकट भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवली, तर डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो. डोळ्याच्या अंदाजाला काही अर्थ नाही.

आमच्या आळीतल्या एका घरी ही तपासणी मी जवळून पाहिली. कुत्री अर्धी कारवानी, अर्धी गावठी, उंच पायांची, तोंड पांढरं झालेली. डॉक्टर ओट्यावर मांडी घालून बसले आणि नातवाला म्हणाले, तिचं डोकं मांडीवर घे, बोलत राहा तिच्याशी. मग तिला कुशीवर घेऊन त्यांनी काखेपासून सुरुवात केली. कुत्रीला साधारणपणे सडांच्या पाच जोड्या असतात, छातीपासून जांघेपर्यंत. त्यांनी एकेक ग्रंथी अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत घेऊन, घडीतला खडा शोधावा तशी, हळूहळू चाळवली. मालकांनी दाखवलेली गाठ शेवटच्या जोडीत होती. बहुतेक गाठी चौथ्या-पाचव्या जोडीतच होतात, कारण तिथे ग्रंथीचं मांस सर्वांत जास्त. पण डॉक्टरांना आणखी दोन बारीक गाठी सापडल्या, एक त्याच बाजूला, एक दुसऱ्या. घरच्यांना त्यांचा पत्ता नव्हता. हे नेहमीचंच आहे. निम्म्याहून जास्त कुत्र्यांत गाठ एकटी नसते. मोठी गाठ त्यांनी चिमटीत धरून इकडेतिकडे सरकवून पाहिली. कातडीबरोबर सरकते की खालच्या मांसाला चिकटून बसलीय, वरची कातडी धड आहे की फुटायला आलीय, सड दाबल्यावर पाणी-रक्त येतं का. मग काख आणि जांघ. तिथे अवधाण आलेलं असलं, तर गाठ आपल्या जागेवरून निघाली असल्याची शंका येते. पुढच्या ग्रंथींचा निचरा काखेकडे, मागच्यांचा जांघेकडे. शेवटी मागचे पाय सुजलेत का ते पाहिलं.

हे चालू असताना घरातल्या आजी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘आता काय राहिलंय तिचं, डॉक्टर? अकरा वर्षांची झाली. ह्या वयात कशाला कापायचं तिला?’’

‘‘आजी, कापायचं की न्हाई ते आपण मागनं ठरवू,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘आधी हिच्या छातीचा फोटो काढून आणा आन् रक्त तपासू.’’

आपण एरवी हा क्रम नेमका उलटा लावतो. आधी ‘ऑपरेशन करायचं की नाही’ यावर घरात भांडण, मग निर्णय, आणि तपासण्या झाल्या तर झाल्या. वास्तविक आधी कळायला हवं की आजार कुठवर गेलाय. मग कळायला हवं की कुत्रीचं काळीज, मूत्रपिंड, यकृत कसं आहे. ही दोन उत्तरं हातात आली की बहुतेक वेळा वाद उरत नाही.

छातीचा फोटो का? कारण स्तनाचा कॅन्सर पसरतो तेव्हा जांघेतल्या-काखेतल्या गाठींनंतर त्याचं आवडतं ठिकाण म्हणजे फुप्फुस. एक फोटो पुरत नाही. तीन लागतात, डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर आणि उताणं. कुत्री ज्या कुशीवर झोपते त्या बाजूचं फुप्फुस दबतं आणि त्यातला बारीक ठिपका दिसेनासा होतो, म्हणून दोन्ही कुशी. साधारण अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा लहान ठिपके एक्स-रेला दिसत नाहीत. त्यामुळे ‘छाती साफ’ हा शंभर टक्के दाखला नाही, पण त्याच्याशिवाय पुढे जाणं म्हणजे अंधारात सुरी चालवणं.

सुईने पाणी काढून तपासायचं का, असंही विचारलं जातं. स्तनाच्या गाठीत साधी कुठली आणि कॅन्सरची कुठली हे सुईच्या चार थेंबांवरून खात्रीनं सांगणं अवघड असतं. सुईचा उपयोग दुसरा आहे: ही गाठ स्तनाचीच आहे ना, की चरबीची, की कातडीच्या वेगळ्या कॅन्सरची, की नुसता पू, हे कळतं. मात्र जांघेतल्या मऊ फुगवट्यात डोळे मिटून सुई घालू नये. नसबंदी न झालेल्या वयस्क कुत्रीत तो हर्निया असू शकतो आणि आत आतडं, मूत्राशय किंवा गर्भाशय उतरलेलं असू शकतं. शंका असेल तर आधी सोनोग्राफी.

आता वय. म्हाताऱ्या कुत्रीला भूल सोसणार नाही, ही भीती सगळ्यांत जास्त ऐकू येते आणि ती अगदीच निराधार नाही. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात सुमारे ९८ हजार कुत्र्यांच्या भुलेची नोंद ठेवली गेली. एरवी निरोगी असलेल्या कुत्र्यांत साधारण १,८५० मागे एक मृत्यू झाला. आधीच आजारी असलेल्यांत ७५ मागे एक. वयानेही जोखीम वाढते. पण एवढी मोठी तफावत पाडली ती कुत्र्याच्या तब्येतीने. ते आकडे सुसज्ज दवाखान्यांचे आहेत, आपल्या तालुक्याला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. त्यातलं अंतर मात्र आपल्याही कामाचं आहे. अकरा वर्षांची, मूत्रपिंड धड असलेली, जिन्यावर न धापता चढणारी कुत्री ही आठ वर्षांच्या, काळजाची झडप गळणाऱ्या पामेरियनपेक्षा भुलेला बरी. म्हणून डॉक्टरांना विचारायचं ते ‘वयाचं काय?’ असं नाही. विचारायचं असं: क्रिएटिनिन किती आलं, काळजात सुरसुर ऐकू येते का, शस्त्रक्रिया चालू असताना शिरेतून सलाइन लावणार का, श्वासनळीत नळी घालणार का, ऑक्सिजन आहे का, आणि ती शुद्धीवर येईपर्यंत तिच्याजवळ कोण बसणार. शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण भुलेतले बरेच मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यावर, पहिल्या काही तासांत होतात.

शस्त्रक्रिया ठरली तर किती काढायचं? गाठ अगदी बारीक, अर्ध्या-एक सेंटीमीटरची, सुटी असेल तर नुसती गाठ आणि भोवतालची थोडी जागा काढून भागतं. त्याहून मोठी असली तर ती ग्रंथी, किंवा निचरा एकत्र असलेल्या शेजारच्या ग्रंथींसकट. आणि गाठी अनेक असतील तर एका बाजूची सगळी ओळ, काखेपासून जांघेपर्यंत. पूर्ण ओळ काढल्याने आयुष्य वाढतं असं सरसकट सिद्ध झालेलं नाही. पण २००८ सालच्या एका अभ्यासात, ज्या कुत्र्यांच्या ओळीचा फक्त काही भाग काढला होता, त्यांतल्या ५८ टक्के कुत्र्यांना त्याच बाजूच्या उरलेल्या ग्रंथींत पुढे नवी गाठ झाली. म्हणजे वयस्क कुत्रीला दुसऱ्यांदा टेबलावर चढवायचं नसेल, तर एकदाच मोठं काम करण्यात शहाणपण असू शकतं. आणि तब्येत तोळामासा असेल तर लहान काम करून लवकर उठवण्यात. दोन्ही बाजूंच्या ओळी एकदम काढू नयेत असं बरेच शल्यविशारद मानतात, कारण कातडी ओढून टाके घालावे लागतात, ताण येतो, दुखणं असह्य होतं. एक बाजू आज, दुसरी महिना-दीड महिन्याने, ही रीत बरी.

त्याच भुलेत नसबंदी करायची का, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. कॅन्सर पुढे गेलेला असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. पण गाठी साध्या असतील तर होतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, साधी गाठ काढताना नसबंदीही केलेल्या कुत्र्यांत नव्या गाठी होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. दुसरं कारण मला जास्त पटतं: नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या कुत्रीला माजानंतर महिना-दोन महिन्यांनी गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. स्वीडनमधल्या नोंदींत दहा वर्षांच्या आत साधारण चौथा हिस्सा माद्यांना हा आजार झालेला दिसतो, आणि तो वेळेवर पकडला नाही तर जीव घेतो. एकाच भुलेत दोन्ही धोके जात असतील आणि कुत्री सोसू शकत असेल, तर माझं मत नसबंदीच्या बाजूला आहे. क्रम मात्र आधी पोट, मग गाठ, असा हवा, म्हणजे गाठीच्या पेशी सुरीबरोबर पोटात जायला नकोत.

काढलेला गोळा कचऱ्यात टाकू देऊ नका. इतकं सगळं करून शेवटी पैसे वाचवायला नेमकी ही तपासणी गाळली जाते, आणि मग ‘निघाली ना गाठ, झालं’ असं म्हणत सगळे अंधारात राहतात. रुंद तोंडाची प्लॅस्टिकची बरणी घ्यायची, तिच्यात १० टक्के फॉर्मालिन, मांसाच्या निदान दहापट. बरणी अरुंद घेतली की मांस आत जाताना मऊ असतं आणि बाहेर काढताना कडक झालेलं, अडकतं. गाठी तीन असतील तर तीन बरण्या, तीन चिठ्ठ्या, कुठल्या बाजूची कितवी ग्रंथी ते लिहून. कारण तिन्ही वेगवेगळ्या जातीच्या निघू शकतात. अहवालात बघायचं ते एवढं: साधी की कॅन्सरची, कॅन्सरची असेल तर प्रत पहिली, दुसरी की तिसरी, कडेला पेशी उरल्यात का, आणि शिरांत किंवा रसवाहिन्यांत घुसल्यात का. पहिल्या प्रतीची, कडा साफ असलेली, लहान गाठ म्हणजे बहुधा काम फत्ते. तिसऱ्या प्रतीची, शिरेत घुसलेली गाठ असेल तर केमोथेरपीचा विषय निघतो. कुत्र्यांच्या या कॅन्सरात तिचा फायदा किती, याचा पुरावा अजून तोकडा आहे, म्हणून मोठी आशा बांधून खर्चात पडू नये. माणसांच्या स्तनाच्या कॅन्सरची तॅमॉक्सिफेनची गोळी मेडिकलमध्ये मिळते, म्हणून ती कुत्रीला सुरू करायची हा उद्योग तर करूच नये. कुत्रीच्या अंगात ती उलटी वागते, योनीला सूज आणते आणि गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढवते.

कधी कधी सुरी नाही म्हणावी लागते, आणि ते सांगायला धाडस लागतं. फुप्फुसात ठिपके स्पष्ट दिसत असतील, मूत्रपिंड थकलेलं असेल, तर मोठी शस्त्रक्रिया कुत्रीला काही देत नाही. आणखी एक जात आहे, तिच्यापासून विशेष सावध. सगळी स्तनाची ओळ लाल, गरम, जाड होते, हात लावू देत नाही, मागचा पाय सुजतो. दिसायला थेट दगडी. म्हणून प्रतिजैविकांवर आठवडे जातात. हा दाहक कॅन्सर असतो, तो कातडीतल्या रसवाहिन्यांतून पसरलेला असतो, आणि कापला तर टाक्यांच्या रेघेवरच परत उगवतो. इथे दुखणं कमी करणं हेच उपचार, आणि काळ बहुधा आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत मोजायचा. उलट, आजार पसरलेला असला तरी एखादी फुटलेली, वास मारणारी, रक्त गळणारी गाठ तेवढ्यापुरती काढली तर कुत्रीचे उरलेले महिने सुखाचे जातात. तेव्हा ‘पसरलंय, आता हात लावू नका’ हेही आंधळेपणानं म्हणायचं नाही.

फुटलेल्या गाठीला आषाढ-श्रावणात माश्यांपासून फार जपावं लागतं. माशी बसली की एक-दोन दिवसांत किडे पडतात आणि ते आतलं मांस खात जातात. जखम मिठाच्या पाण्याने धुऊन स्वच्छ सुती कापडाने झाकावी, जुनं बनियन पुढच्या पायांत घालून पाठीवर गाठ मारली तर पोट छान झाकलं जातं, आणि कुत्री दिवसा जाळीच्या आत किंवा पंख्याखाली ठेवावी. टर्पेंटाइन ओतून किडे काढणारे आहेत. उघड्या मांसावर ते आगीसारखं झोंबतं, डॉक्टरांकडे न्यावं. दुखण्याचं औषधही डॉक्टरांनीच द्यावं. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याला देऊ नये, त्यांनी पोटात व्रण होतात, यकृत आणि मूत्रपिंड जातं. डायक्लोफिनॅकची गोष्ट तर सगळ्या देशाला महाग पडली. ती दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडं संपत आली आणि २००६ साली जनावरांसाठी तिच्यावर बंदी आली.

शस्त्रक्रिया करो वा न करो, घरात एक वही ठेवावी. अमेरिकेतल्या पशुकर्करोगतज्ज्ञ डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांनी आजारी जनावराचं जगणं कसं चाललंय हे पाहायला एक मोजपट्टी दिली: दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि बरे दिवस वाईट दिवसांपेक्षा जास्त आहेत का. कुत्री दाराशी येते का, वाटीतलं संपवते का, घरातल्या कुणाच्या पायाशी बसते का, एवढं रोज एका ओळीत लिहिलं तरी चालतं. वाईट दिवस सलग वाढत गेले, तर दयामरणाचा विषय डॉक्टरांशी मोकळेपणाने काढावा. त्यात पाप नाही. तिला दुखत असताना आपल्याला सुटवत नाही म्हणून ओढत ठेवणं मला जास्त जड वाटतं.

खर्चाचं काय, हा प्रश्न येतोच, आणि ‘कुत्रीवर एवढा?’ असं विचारणारा शेजारीही येतो. ज्या गावात कुत्र्याने पोळी पळवली म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणाऱ्या नामदेवांची पायरी महाद्वारात आहे, त्या गावात या प्रश्नाने कुणी लाजू नये. पण भक्तीने बिल भागत नाही, हेही खरं. तालुक्याचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आणि सोलापूरचं जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय इथून सुरुवात करावी. तिथे तपासून घेतलं तरी पुढची वाट कळते. मोठ्या कामासाठी आपल्याला जवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय म्हणजे शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालय, १९८८ पासूनचं, आता नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली. माउलींच्या पालखीच्या वाटेने उलटं जायचं, वाखरी, वेळापूर, माळशिरस, नातेपुते, फलटण करत लोणंदपर्यंत, आणि तिथून शिरवळकडे वळायचं. निघण्याआधी फोन करून एक्स-रे आणि शस्त्रक्रियेचे वार विचारून घ्यावेत. आषाढी-कार्तिकीच्या आगेमागे शस्त्रक्रियेची तारीख धरू नये. रस्ते वाहनांना बंद असतात, आणि टाके उसवले तर डॉक्टरांपर्यंत पोचणं अवघड. बाकी घरचं काम साधं आहे. आदल्या रात्री हलकं खायला घालून सकाळी उपाशी न्यायचं, पाणी बंद करायचं नाही. परत आल्यावर दहा ते चौदा दिवस, टाके निघेपर्यंत, चाटू द्यायचं नाही. त्यासाठी गळ्यात प्लॅस्टिकचा कोन. टाक्यांखाली पाणी जमून फुगवटा येतो तो बहुधा आपोआप ओसरतो, पण तो लाल-गरम झाला तर दाखवायला न्यायचं. नंतर पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी तीच चिमटीची तपासणी, दोन्ही ओळींची, आणि कॅन्सर निघाला असेल तर अधूनमधून छातीचा फोटो.

आजींच्या घरच्या कुत्रीची छाती साफ निघाली, रक्तही चांगलं आलं. डाव्या बाजूची ओळ आणि गर्भाशय एकाच वेळी काढलं. मोठी गाठ कॅन्सरची होती, पहिल्या प्रतीची, कडा साफ. लहान दोन साध्या. त्यातली उजव्या बाजूची वेगळी कापून काढली होती.

त्याच घरात तिची दोन वर्षांची मुलगी आहे, तिच्यासाठी डॉक्टरांनी तिथल्या तिथे तारीख दिली. १९६९ साली अमेरिकेत श्नायडर आणि सहकाऱ्यांनी जे आकडे मांडले, ते आजही सांगितले जातात: पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर गाठीचा धोका अर्धा टक्का, पहिल्या माजानंतर ८, दुसऱ्यानंतर २६ टक्के. हे टक्के नेहमी चुकीचे वाचले जातात. शंभरातल्या आठ कुत्र्यांना गाठ होते असा त्यांचा अर्थ नाही. नसबंदी न केलेल्या कुत्रीला जेवढा धोका असतो, त्याच्या आठ टक्के उरतो, असा आहे. नंतरच्या संशोधकांनी या अभ्यासाचा पुरावा म्हणावा तितका पक्का नाही, असंही म्हटलं आहे. मोठ्या जातींत फार लवकर नसबंदी केली तर सांध्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून जात आणि वजन पाहून वेळ ठरवावी. पण मुलीचे तीन माज होऊन गेले होते. डॉक्टरांनी तारीख दिली ती पुढच्या माजाच्या आधीची, वारी उरकल्यानंतरच्या सोमवारची.